अर्धी गोधडी आणि अर्जुनाचा प्रश्न

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५.

श्रीकृष्णांनी ध्यानाचा मार्ग सांगून झालाय. मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, ही अर्जुनाची तक्रारही ऐकून झालीय आणि तिला अभ्यास व वैराग्य असं उत्तरही मिळालंय. तरी अर्जुन थांबत नाही. तो अजून एक प्रश्न विचारतो. श्रद्धा आहे, सुरुवात केलीय, पण मध्येच मन ढळलं आणि शेवटपर्यंत पोचताच आलं नाही, अशा माणसाचं काय होतं? संसार धड नाही, परमार्थ पुरा नाही. फाटलेल्या ढगासारखा तो मधल्यामध्ये विरून तर जात नाही ना?

अर्जुन इथे आळशाबद्दल विचारत नाहीये. ज्याने सुरूच केलं नाही त्याच्याबद्दलही नाही. ज्याने मनापासून सुरू केलं आणि ज्याचं राहून गेलं, त्याच्याबद्दल विचारतोय. म्हणजे बहुतेक आपल्याबद्दलच.

आमच्या शनिवारच्या हरिपाठाला येणारी मुलं हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. सात दिवसांचं पारायण धरलं होतं, पाचव्या दिवशी ऑफिसमधून निघता निघता रात्रीचे बारा वाजले, राहिलं. आता दोष लागेल का? जपाच्या अॅपवरची ६२ दिवसांची स्ट्रीक तुटली, आता पुन्हा शून्यापासून करायचं का? हे विचारताना चेहरे खरंच उतरलेले असतात. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ती.

मला या श्लोकांचा अर्थ थोडाफार उलगडला तो सुईदोऱ्यामुळे. मी गोधड्या शिवतो. हो, हौस म्हणून. आजीकडून शिकलो. "हे बायकांचं काम" असं अजूनही कुणीतरी म्हणतंच, मग मी नामदेवमहाराजांचं नाव घेतो आणि विषय संपतो. ते शिंप्याच्या घरातले. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची पदं आहेत, आणि त्यातल्या एका पदात माप घेणं, कापणं, शिवणं ही सगळी धंद्यातलीच भाषा त्यांनी नामस्मरणासाठी वापरलीय.

तर माझ्याकडे पत्र्याची एक ट्रंक आहे आणि तिच्यात चार अर्धवट गोधड्या आहेत. परदेशातले क्विल्टिंग करणारे लोक अशा अर्धवट कामाला गमतीने यूएफओ म्हणतात, म्हणजे पुरी न झालेली वस्तू. उडती तबकडी जशी कुणी पाहिलीय असं म्हणतात पण हाती लागत नाही, तसंच हे. जगभर गोधडी शिवणाऱ्यांच्या कपाटात अशी ढिगाने असतात म्हणे. यात मला थोडा दिलासाच वाटला.

गोधड्या अर्धवट का राहतात हे सांगायला ती बनते कशी हे थोडं सांगावं लागेल. जुन्या सुती साड्या घ्यायच्या, शक्यतो नऊवारी, कारण लांबी मिळते आणि कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. खळ असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत धुवायच्या. मग गच्चीवर किंवा हॉलमधलं टेबल सरकवून जमिनीवर थरावर थर अंथरायचे. कडा ताणून चौकोन सरळ करायचा, थर हलू नयेत म्हणून मोठे मोठे कच्चे टाके घालायचे. वरच्या थरावर कुठला काठ कुठे येईल, इरकलचा लाल पट्टा मध्ये घ्यायचा की कडेला, यावर घरात चर्चा होते. हा सगळा दिवस सणासारखा जातो. आणि मग सुरू होतो धावदोरा. काठापासून आत, काठापासून आत, एका बोटाच्या अंतराने ओळ, पुन्हा ओळ, पुन्हा ओळ. दोन-तीन महिने तेच. रंग ठरलेला, टाका ठरलेला, नवीन काहीच नाही. अंगुस्तान घातलं तरी बोट दुखतं. गोधडी जुनी होते ट्रंकेत, पण सुटते ती या मधल्या टप्प्यात. सुरुवातीला उत्साह वाहून नेतो, शेवटी शेवट दिसायला लागतो म्हणून हात आपोआप भराभर चालतो. मध्ये मात्र कुणीच नसतं. पारायणाचा पाचवा दिवस हाच, आणि ६३वा दिवसही हाच.

आता खरा मुद्दा. सदरा अर्धा शिवला तर तो सदरा नसतो. एक बाही नसलेला सदरा घालून बाहेर जाता येत नाही. पण अर्धी शिवलेली गोधडी पांघरता येते. धावदोऱ्याचं काम काय, तर थर एकमेकांना धरून ठेवणं. जिथे टाका पडला तिथे थर धरले गेले. पुढच्या ओळी पडोत न पडोत, ही ओळ आपलं काम करतेच आहे. तिला पुढच्या ओळीची वाट पाहावी लागत नाही.

मग साधना सदऱ्यासारखी आहे की गोधडीसारखी?

दुसऱ्या अध्यायाचा ४०वा श्लोक याचं सरळ उत्तर देतो. या मार्गावर केलेली सुरुवात वाया जात नाही, आणि राहून गेलं तर त्याचा उलटा दोषही लागत नाही, थोडंसं केलेलंही मोठ्या भयातून सोडवतं, असा त्याचा आशय आहे. म्हणजे पाच दिवसांचं पारायण ही पाच दिवसांची ओळ आहे. ती उसवत नाही. आणि सहाव्या अध्यायात अर्जुनाला उत्तर देताना भगवंत त्याला "तात" म्हणतात. बापाने लेकराला म्हणावं तसा शब्द आहे हा. अर्जुनाच्या आवाजातली भीती त्यांना ऐकू आली असावी. चांगलं करणारा कुणीच वाईट गतीला जात नाही, असं आधी सांगून टाकतात आणि मग सविस्तर सांगतात: त्याला पुढे चांगल्या घरात, नाहीतर योग्यांच्याच कुळात जन्म मिळतो, आधीची बुद्धी परत मिळते, आणि तो तिथून पुढे प्रयत्न करतो. तिथून पुढे, हे महत्त्वाचं. शून्यापासून नाही. ४४व्या श्लोकात तर त्याहून गोड गोष्ट आहे. पूर्वीचा अभ्यास त्याला ओढून नेतो, त्याची स्वतःची इच्छा असो नसो. दोन वर्षांनी ट्रंक उघडून अर्धी गोधडी मांडीवर घेतली की मला हे अगदी शब्दशः पटतं. डोकं विसरलेलं असतं की ओळीत किती अंतर ठेवलं होतं, पण शेजारच्या ओळीकडे बघत बोट बरोबर तेवढ्याच अंतरावर जातं.

इथे थांबता आलं असतं. दिलासा मिळाला, चला. पण मला वाटतं इथे थांबणं सोयीचं आहे, खरं नाही.

कारण अर्धी गोधडी पांघरता येते, पण धुता येत नाही. न शिवलेल्या भागातले थर पहिल्याच धुण्यात गोळा होतात, कडा सुटतात, सुटलेली कड शिवलेल्या ओळींनाही ओढायला लागते. गोधडी वापरायची तर धुवावी लागणारच. म्हणजे टाका वाया गेला नाही हे खरं असलं तरी काम पुरं करणं ही काही वरवरची हौस नाही.

आपल्यात एक पळवाट फार चालते. "फळाची अपेक्षा ठेवायची नाही ना, मग पुरं झालं काय, राहिलं काय!" मी हे लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता मला ते वाक्य ऐकलं की ट्रंक आठवते. ४७व्या श्लोकाचा शेवटचा चरण लोक सोडून देतात. फळावर हक्क सांगू नकोस एवढंच तिथे नाही, न करण्यातही गुंतू नकोस असंही आहे. आणि मला वाटतं आपण फळ आणि समाप्ती या दोन गोष्टींची गल्लत करतो. गोधडीचं फळ म्हणजे काय? कुणीतरी "वा, स्वतः शिवलीस?" म्हणणं. फोटो. ती कुणाच्या अंगावर पडेल, त्याला आवडेल की नाही, तो ती जपेल की गाडीच्या सीटवर टाकेल, हे सगळं फळ. त्यावर माझा ताबा नाही. पण चौथी कड दुमडून शिवणं हे फळ नाही. ते कर्मच आहे, कर्माचा शेवटचा भाग. ते माझ्या हातात आहे.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यातले बरेचसे गोव्याच्या वाटेने. त्यांची शिवण्याची तऱ्हा आपल्या गोधडीच्या जवळची आहे, कडेकडून सुरुवात करून आत मध्याकडे जायचं. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना त्या फूल म्हणतात. उबेसाठी त्यांचा काही उपयोग नाही. पण फूल नसलेली कवदी त्यांच्या लेखी उघडी असते. मला ही कल्पना फार आवडते. पुरं करणं हे करणाऱ्याच्या कौतुकासाठी नसून त्या वस्तूची अब्रू राखण्यासाठी असतं.

मग राहून का जातं? अठराव्या अध्यायात २८व्या श्लोकात तामस कर्त्याचं वर्णन आहे आणि त्यात एक शब्द येतो: दीर्घसूत्री. अर्थ चालढकल करणारा, पण शब्द फोडला तर लांब दोऱ्याचा माणूस. सुई पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा येतो म्हणून नवशिका दोरा लांबलचक घेतो. दोन हात, तीन हात. मग तो पीळ खातो, गुंततो, गाठ पडते, सोडवण्यात अर्धा तास जातो, दोरा तुटतो, आणि माणूस "उद्या बघू" म्हणून उठतो. आजी दोरा फक्त हातभर घ्यायची. पुन्हा पुन्हा ओवायची, न कुरकुरता. "मी रोज तासभर ध्यान करणार, आयुष्यभर" हा लांब दोरा. "आज झोपायच्या आधी हरिपाठातले दोन अभंग" हा हातभर.

आता त्या चार गोधड्यांपैकी एकीबद्दल सांगतो, कारण तिच्यामुळेच मी हे श्लोक पुन्हा काढले.

ती माझी नाही. आत्याची आहे. मागच्या वर्षी आत्या गेली. तिच्या कपाटात एका कापडी पिशवीत ही निघाली. तिच्या सासूच्या दोन नऊवारी, मध्ये तिची स्वतःची एक हिरवी. साधारण दोन तृतीयांश शिवून झालेली. सुई तशीच कापडात टोचलेली, तिच्यात हातभर दोरा. मी शिवतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे पिशवी माझ्याकडे आली. मी ती पुरी करायचं ठरवलं आणि आतेबहिणीला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दादा, नको ना शिवूस. आईचा शेवटचा टाका कुठला ते मला आत्ता कळतंय. तू पुढे शिवलंस की मला तो सापडणार नाही."

मी म्हटलं, "अगं, पण अशी ठेवली तर कसर लागेल. आत्याने पांघरायलाच शिवायला घेतली होती ना?"

"असेल. पण तिने घेतली होती, तू नाही."

यावर मला बोलता आलं नाही. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. दुसऱ्याच्या कामात आपले टाके घालायचा अधिकार कुणी दिला?

नाथमहाराजांच्या चरित्रात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत, हे मला तेव्हा जाणवलं. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत नकला करताना पाठ बिघडले होते. ते त्यांनी दुरुस्त केले आणि पुढच्यांना बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालू नये, घातली तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल, अशा अर्थाचं. किती कडक! बहिणीची बाजू हीच. पण याच नाथांचं स्वतःचं भावार्थ रामायण अपुरं राहिलं. युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत ते पोचले आणि पुढचं त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरं केलं. हा गावबा पुरणपोळीसाठी नाथांकडे येऊन राहिलेला भोळा मुलगा, अशी कथा सांगतात. सगळ्यांना वाटलं होतं हे काम कुणा विद्वानाकडे जाईल, आणि नाथांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. परंपरा असंही सांगते की पुढच्या भागात त्याने स्वतःचं नाव न घालता गुरूचीच मुद्रा ठेवली.

पुरं झालेल्या ग्रंथात भर घालू नका म्हणणारा संत आपलं अपुरं काम दुसऱ्याच्या हाती देऊन जातो. यात विसंगती नाही, असं मला वाटतं. ज्ञानेश्वरीला कुणाची गरज नव्हती. अपुऱ्या रामायणाला होती. आणि दुसरी गोष्ट, गावबाला ते काम दिलं गेलं होतं. त्याने पिशवी कपाटातून उचलली नव्हती.

मी पिशवी बहिणीकडे घेऊन गेलो. म्हटलं, ही तुझी. ठेव, नाहीतर शिव, नाहीतर मला शिवायला सांग, तू म्हणशील ते. तिने तीन आठवडे काहीच केलं नाही. मग एका रविवारी दार वाजलं. ती पिशवी घेऊन आली होती. "मला शिकव. आईचे टाके मी ओलांडते. तू नको."

तिला सुई धरता येत नव्हती, अजूनही फारशी येत नाही. आधी एक प्रश्न निघाला: दोरा कुठला? मी म्हटलं, वेगळ्या रंगाचा घे, म्हणजे आत्याचं कुठे संपतं ते कायम दिसेल, तुला तेच हवंय ना. तिने विचार केला आणि नको म्हणाली. "मग सगळे बघतील ते माझं रंगीतच बघतील." पांढरंच रीळ घेतलं, आत्याच्याच डब्यातलं. तिचं बरोबर होतं. टाके बघताच कळतं, आत्याचे तांदळाच्या दाण्याएवढे आणि सारखे, हिचे कधी गव्हाएवढे तर कधी वालाएवढे. वेगळा रंग लागत नाही. आत्याने सोडलेला तो हातभर दोरा मात्र तिने कापला नाही. त्याच सुईने पहिली ओळ पुढे नेली, तो दोरा संपेपर्यंत. आता कुठला टाका आत्याचा शेवटचा, हे खरंच नक्की सांगता येत नाही. तिने ते स्वतः केलं, समजून, आणि नंतर बाल्कनीत जाऊन बराच वेळ उभी राहिली.

गोधडी अजून पुरी झालेली नाही. रविवारी येते, दोन-तीन ओळी होतात. कधी येतही नाही.

उरलेल्या तीन माझ्या. त्यातलं एक खरं तर दुपटं आहे, शेजारच्या घरात बाळ येणार होतं म्हणून घेतलेलं. ते बाळ आता दुसरीत आहे आणि परवा मला नऊचा पाढा म्हणून दाखवत होतं. हे पुरं करायचं का? अठराव्या अध्यायात त्यागाचेही प्रकार सांगितलेत. मोहाने टाकलेलं कर्म तामस, अंगाला त्रास होतो म्हणून टाकलेलं राजस. मी स्वतःला विचारलं, मला हे सोडावंसं वाटतंय ते बोट दुखतं म्हणून, की याचं प्रयोजनच गेलं म्हणून? प्रयोजन गेलं असतं तर कापड सोडवून दुसरीकडे वापरायला माझी हरकत नव्हती. सगळंच पुरं केलं पाहिजे असा हट्ट मला पटत नाही, तीही एक आसक्तीच. पण बाळं जन्मायची थांबलेली नाहीत. खालच्या मजल्यावरच्या ताईंना आषाढात सातवा लागेल. दुपटं बाहेर काढलंय, रोज रात्री एक ओळ.

बाकीच्या दोन या वर्षी होतील असं वाटत नाही. त्या नीट घडी करून पिशव्यांमध्ये ठेवल्यात, कडुनिंबाचा पाला घालून. प्रत्येकीत एक चिठ्ठी आहे: दोरा कुठला, रीळ कुठे मिळतं, ओळीत एका बोटाचं अंतर, दोरा हातभरच घ्या. आणि खाली, ज्याला पुढे शिवावंसं वाटेल त्याने जरूर शिवावं.

राम कृष्ण हरि!